जॉन्स्टनचा कप्तान : अर्नेस्ट इव्हान्स आणि समारची सकाळ

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन)

गेल्या काही भागांत आपण पॅसिफिकमधल्या मोठमोठ्या ॲडमिरल लोकांबद्दल बोललो. आज जरा खालच्या पायरीवर येऊ. आजचा माणूस ॲडमिरल नव्हता. एका विनाशिकेचा, म्हणजे डिस्ट्रॉयरचा कप्तान होता. वयाच्या 36 व्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. त्याचं नाव कमांडर अर्नेस्ट इव्हान्स आणि त्याच्या नौकेचं नाव यूएसएस जॉन्स्टन.

ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी यूट्यूबवर ऐकली असेल. एक छोटी नौका सबंध जपानी आरमारावर धावून गेली वगैरे. ती खरीच आहे. पण ती सांगताना बहुतेक वेळा त्या एका सकाळीपासूनच सुरुवात होते, आणि मग तो सगळा प्रकार क्षणाच्या भरात केलेलं वेडं धाडस वाटायला लागतो. माझं म्हणणं असं आहे की तो निर्णय त्या सकाळी झालाच नाही. तो बराच आधी झाला होता, आणि तो सगळ्यांसमोर सांगूनही झाला होता. ते कसं, ते आज बघू.

आधी विनाशिका म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आयएनएस मोर्मुगाओ ही विनाशिकाच, पण ती 7,000 टनांच्या वर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका त्यामानाने अगदी लहान. जॉन्स्टन होती फ्लेचर वर्गाची. वजन साधारण 2,100 टन, लांबी पावणेचारशे फूट, पाच इंची पाच तोफा आणि दहा पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो. चिलखत जवळजवळ नाहीच. हिची ताकद वेगात. ताशी 35 नॉटच्या आसपास ती पळायची. मोठ्या जहाजांभोवती राखण करायची, पाणबुड्या शोधायच्या, धुराचा पडदा करायचा आणि वेळ पडलीच तर जवळ जाऊन पाणतीर सोडून यायचं. खलाशी तिला 'टिन कॅन' म्हणायचे. पत्र्याचा डबा! यात कौतुक होतं आणि खरंही होतं.

आता इव्हान्स यांच्याकडे वळू.

त्यांचा जन्म ऑगस्ट 1908 चा, ओक्लाहोमातल्या पॉनी या गावातला. घराणं मूळ अमेरिकन, चेरोकी वंशाचं. पुढे नौदल अकादमीत गेल्यावर बाकीच्या मुलांनी त्यांना 'चीफ' हे टोपणनाव चिकटवलं. त्या काळी मूळ अमेरिकन माणसाला सर्रास हेच म्हणायचे. आज आपल्याला ते खटकेल, पण ते नाव त्यांना कायमचं लागलं.

त्यांच्या प्रवासातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते थेट अधिकारी म्हणून आले नाहीत. 1926 मध्ये ते साधे खलाशी म्हणून भरती झाले. तिथून स्पर्धा परीक्षेतून अॅनापोलिसच्या अकादमीत 1927 साली प्रवेश मिळवला आणि 1931 मध्ये अधिकारी झाले. समुद्रापासून शेकडो मैल दूर, गवताळ मैदानातला मुलगा, खलाशापासून सुरुवात करून कप्तान होतो, हे तेव्हाच्या अमेरिकेत सोपं नव्हतं. त्यानंतरची दहा वर्षं शांततेच्या काळातल्या कुठल्याही नौदल अधिकाऱ्यासारखी गेली. या नौकेवरून त्या नौकेवर बदल्या, आणि हळूहळू बढती.

1941 च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा इव्हान्स यूएसएस ऑल्डन या जुन्या विनाशिकेवर होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात आखलेली, चार धुराड्यांची नौका. आणि ती होती तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात. जपानी लाट जिथे सगळ्यात जोरात येऊन आदळणार होती, नेमकी तिथे.

27 फेब्रुवारी 1942 ला जावा समुद्राची लढाई झाली. डच, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन नौकांचा एक घाईघाईने जुळवलेला ताफा होता, डच ॲडमिरल कारेल डोरमन यांच्या हाताखाली. या नौकांनी एकत्र सराव असा केलेला नव्हता, भाषा वेगवेगळ्या, इशाऱ्यांच्या पद्धती वेगवेगळ्या. जपान्यांनी या ताफ्याचा चुराडा केला. डोरमन त्यांच्या नौकेबरोबर बुडाले. ऑल्डनसह चार जुन्या अमेरिकन विनाशिकांनी पाणतीर सोडले, ते संपले, इंधनही संपत आलं, म्हणून त्या सुराबायाला परतल्या आणि दुसऱ्या रात्री बालीच्या सामुद्रधुनीतून निसटून ऑस्ट्रेलियाला पोचल्या. मागे राहिलेल्या बहुतेक सगळ्या नौका पुढच्या दोन-तीन दिवसांत बुडाल्या.

लष्करी हिशेबाने ही माघार शंभर टक्के बरोबर होती. पाणतीर संपलेली जुनी विनाशिका तिथे थांबून फक्त बुडलीच असती. पण ऑल्डनवरच्या माणसांच्या मनात ते काय ठेवून गेलं असेल याची कल्पना करा. इव्हान्स यांना मार्च 1942 मध्ये त्याच ऑल्डनचं कप्तानपद मिळालं आणि सव्वा वर्ष त्यांनी ते सांभाळलं. त्यानंतर त्यांच्या हातात आली कोरी करकरीत जॉन्स्टन.

तारीख लिहून ठेवा : 27 ऑक्टोबर 1943. स्थळ, सिअॅटल. जॉन्स्टन नौदलात दाखल होण्याचा दिवस. डेकवर सगळे खलाशी उभे आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी वर्षभरापूर्वी समुद्रही पाहिलेला नव्हता. शेतावरची, कारखान्यांतली, नुकतीच शाळा सुटलेली पोरं. त्यांच्यासमोर एक बुटका, भरदार छातीचा कप्तान उभा राहतो. त्यांच्या भाषणाचा आशय वाचलेल्या लोकांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. ही लढणारी नौका असेल. मी तिला जिथे धोका आहे तिथे नेणार आहे. ज्याला यायचं नसेल त्याने आत्ताच उतरावं. आणि शत्रूपुढून पुन्हा माघार घ्यायचा आपला इरादा नाही, हेही त्यांनी सांगितलं. त्या 'पुन्हा'च्या मागे जावा समुद्र होता.

आता इथे थोडं थांबू. असं भाषण ठोकणारे कप्तान जगात पुष्कळ झाले. भाषण करणं आणि ते निभावणं यात फरक असतो. इव्हान्स यांनी पुढचं वर्षभर त्या बोलण्याला साजेशी नौका घडवली. सराव आणि पुन्हा सराव. फेब्रुवारी 1944 मध्ये मार्शल बेटांच्या लढाईत जॉन्स्टनने किनाऱ्याच्या जवळ जाऊन जपानी मोर्च्यांवर तोफा डागल्या. मे महिन्यात सॉलोमन बेटांच्या भागात इतर दोन विनाशिकांबरोबर तिने आय-176 ही जपानी पाणबुडी बुडवली. त्याबद्दल इव्हान्स यांना ब्राँझ स्टार मिळाला. मग ग्वाम, मग पेलेलिऊ. तोफांचा प्रमुख होता लेफ्टनंट रॉबर्ट हेगन. त्याच्या हाताखाली रडारशी जोडलेली नेमबाजीची यंत्रणा होती. नौका कितीही वळली, डोलली तरी तोफा लक्ष्यावर राहायच्या. हे तांत्रिक वाटेल, पण पुढच्या गोष्टीत त्याला फार महत्त्व आहे.

आता येऊ 25 ऑक्टोबर 1944 वर.

अमेरिकन सैन्य फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर उतरलं आहे. जपानने उरलंसुरलं सगळं आरमार पणाला लावलंय. ॲडमिरल हॉल्सी यांचा मुख्य अमेरिकन ताफा उत्तरेला जपानी विमानवाहू नौकांच्या मागे गेला. त्या नौका आमिष म्हणूनच पाठवलेल्या होत्या. त्यामुळे सान बर्नार्डिनोची सामुद्रधुनी मोकळी राहिली. रात्रीतून तिथून ॲडमिरल कुरिता यांचा ताफा बाहेर पडला आणि समार बेटाच्या किनाऱ्याने दक्षिणेला, लेयतेच्या दिशेने निघाला. चार बॅटलशिप, सहा हेवी क्रूझर, दोन हलक्या क्रूझर आणि अकरा विनाशिका. त्यात होती यामातो, जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका. एक आकडा सांगतो. यामातोच्या तीन मुख्य तोफबुरुजांपैकी एकेकाचं वजन साधारण 2,500 टन होतं. म्हणजे तिचा एक बुरूज अख्ख्या जॉन्स्टनपेक्षा जड.

वाटेत कोण होतं? 'टॅफी 3' नावाचा छोटा गट, रिअर ॲडमिरल क्लिफ्टन स्प्रेग यांचा. सहा लहान विमानवाहू नौका, व्यापारी जहाजाच्या सांगाड्यावर झटपट बांधलेल्या, वेग जेमतेम 18-19 नॉट. राखणीला तीन विनाशिका, जॉन्स्टन, होएल आणि हीरमन, आणि त्यांच्याहून लहान चार एस्कॉर्ट नौका. विमानांवर बॉम्ब होते ते मुख्यतः जमिनीवरच्या लढाईसाठी आणि पाणबुड्यांसाठी. सकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना जपानी गोळे पडायला लागले. प्रत्येक जपानी नौकेच्या गोळ्यात वेगळ्या रंगाची पूड असायची, आपला गोळा कुठे पडला ते ओळखायला. त्यामुळे समुद्रातून हिरवे, पिवळे, लाल कारंजे उठत होते.

शत्रूला सगळ्यात जवळ होती जॉन्स्टन. इव्हान्स यांनी आधी धुराचा पडदा घालायला सुरुवात केली, ते त्यांचं ठरलेलं काम होतं. आणि मग, स्प्रेग यांनी विनाशिकांना हल्ल्याचा हुकूम द्यायच्या आधीच, त्यांनी नौका जपानी ताफ्याकडे वळवली.

का? हिशेब बघा. विमानवाहू नौका 18 नॉटने पळताहेत, क्रूझर तीसच्या वर वेगाने येताहेत. काही केलं नाही तर तासा-दोन तासांत सगळं संपणार. शत्रूला वळायला लावणारं एकच हत्यार राखणदारांकडे आहे, पाणतीर. ते सोडायला जवळ जावं लागतं. आणि जवळ जायचं तर आत्ता, नौका धड आहे तोवर. दहा मिनिटांनी कदाचित जाताच येणार नाही. यात वेडेपणा कुठे आहे? मला तर हा अतिशय थंड डोक्याने केलेला विचार दिसतो. एका वर्षापूर्वी मूळ प्रश्नाचं उत्तर देऊन झालं होतं, त्यामुळे त्या सकाळी विचारात वेळ गेला नाही. एवढाच त्याचा फायदा, पण त्या दहा मिनिटांत तो फार मोठा होता.

सुरुवातीला जपानी गोळे भोवती पडत होते आणि जॉन्स्टनच्या तोफांचा पल्ला तिथवर पोचत नव्हता. नागमोडी वळणं घेत, पडलेल्या गोळ्यांच्या कारंज्यांकडे सुकाणू धरत ती जात राहिली. साधारण सोळा किलोमीटरवरून हेगनच्या तोफा सुरू झाल्या. कुमानो या हेवी क्रूझरवर पाच मिनिटांत दोनशेहून जास्त गोळे. नऊ किलोमीटरच्या आसपास अंतर आल्यावर दहाच्या दहा पाणतीर सोडले आणि नौका वळून आपल्याच धुरात शिरली. त्यातल्या एकाने कुमानोचं नाक उडवलं. ती लढाईतून बाद झाली, आणि तिच्यावरच्या ॲडमिरलला दुसऱ्या क्रूझरवर हलवावं लागलं.

साडेसातच्या सुमाराला जॉन्स्टनवर मोठे तीन गोळे बसले, पाठोपाठ लहान तीन. मोठे गोळे कोंगो या बॅटलशिपचे होते असं वर्षानुवर्षं समजलं जायचं. आता बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की ते यामातोचे होते. एक इंजिन गेलं. वेग अर्ध्यावर, 17 नॉटवर आला. सुकाणूची वीज गेली. पुलावरचे अनेक अधिकारी ठार झाले. इव्हान्स यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तुटली आणि अंगावरचा शर्ट फाटून उडून गेला. नशीब एवढंच की तेवढ्यात पावसाची एक जोरदार सर आली, आणि दहाएक मिनिटं तिने जॉन्स्टनला झाकून घेतलं.

इथवर जी गोष्ट आहे ती सगळेजण सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं.

आता जॉन्स्टनकडे पाणतीर नाहीत. वेग नाही. अर्ध्या तोफा हातांनी चालवाव्या लागताहेत. जावा समुद्रात ऑल्डन याच स्थितीत होती, पाणतीर संपलेली विनाशिका, आणि तेव्हा माघार घेणं योग्य ठरलं होतं. इथेही कुणी बोट ठेवलं नसतं. तेवढ्यात स्प्रेग यांच्या हुकमावरून बाकीच्या राखणदार नौका पाणतीर सोडायला निघालेल्या दिसल्या. इव्हान्स यांनी नौका वळवली आणि त्यांच्या मागे निघाले. पाणतीर नसले तरी तोफांनी त्यांना आधार देता येईल, हा विचार. सॅम्युएल बी. रॉबर्ट्स या एस्कॉर्ट नौकेचे कप्तान रॉबर्ट कोपलँड यांनी पुढे सांगितलं आहे की जॉन्स्टन जवळून गेली तेव्हा उघड्या अंगाचे, रक्ताने माखलेले, हाताला रुमाल गुंडाळलेले इव्हान्स दिसले. त्यांनी वर बघून हात हलवला.

पुढचे दोन तास नुसता गोंधळ होता. धुरात हीरमन आणि जॉन्स्टन समोरासमोर आल्या आणि काही फुटांवरून टक्कर चुकली. सहा-सात किलोमीटरवर अचानक कोंगो दिसली, तर तिच्यावरही तीसेक गोळे टाकून झाले. गॅम्बियर बे ही विमानवाहू नौका मरणपंथाला लागली होती. तिच्यावर मारा करणाऱ्या क्रूझरचं लक्ष आपल्याकडे ओढायला जॉन्स्टनने तिच्यावर गोळीबार केला. मग दिसली याहागी ही हलकी क्रूझर आणि तिच्यामागे विनाशिकांची रांग, विमानवाहू नौकांवर पाणतीर सोडायला निघालेली. जखमी जॉन्स्टन एकटी त्यांच्या आडवी आली. याहागी वळली, मागच्या विनाशिकाही वळल्या आणि त्यांनी पाणतीर फार लांबून सोडले. एकही लागला नाही.

तोवर जॉन्स्टनच्या पुलावर राहणं अशक्य झालं होतं. आग लागली होती, ठेवलेला दारूगोळा फुटत होता. इव्हान्स नौकेच्या पार मागच्या टोकाला गेले. खाली खलाशी हातांनी सुकाणू फिरवत होते. उघड्या झडपेतून ओरडून ते त्यांना दिशा सांगत होते. खलाशी म्हणून सुरुवात केलेला माणूस शेवटी असा उघड्या डेकवर उभा राहून आपल्या खलाशांना हाका मारत नौका चालवत होता.

पावणेदहाच्या सुमाराला शेवटचं इंजिन बंद पडलं. नौका सोडायचा हुकूम झाला. दहा वाजून दहा मिनिटांनी जॉन्स्टन बुडाली. जवळून जाणाऱ्या जपानी विनाशिकेवर एक अधिकारी सलाम करत उभा होता, असं पाण्यात असलेल्या काही खलाशांनी सांगितलं आहे.

तोपर्यंत कुरिता मागे फिरायला लागले होते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एका जॉन्स्टनने यामातोला पळवलं असं नाही. विमानांनी फार मोठं काम केलं, काहींनी तर दारूगोळा संपल्यावर नुसत्याच सूर मारून जपान्यांना वळायला लावलं. होएल आणि रॉबर्ट्स बुडाल्या. इतरांनी सोडलेले पाणतीर चुकवताना यामातो काही वेळ लढाईपासून लांब गेली. आणि कुरितांचा समज होता की समोर मोठा अमेरिकन ताफा आहे. पण असा समज होण्यामागे समोरून येणारा हा हट्टी प्रतिकारही होताच, आणि त्याची सुरुवात जॉन्स्टनने केली होती.

आता किंमत. जॉन्स्टनवर 327 जण होते. वाचले 141. गेलेल्या 186 पैकी साधारण 50 जण लढाईत मारले गेले. 45 जण तराफ्यांवर जखमांनी गेले. आणि 92 जण नौका बुडण्याआधी जिवंत पाण्यात उतरले होते, ते पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. त्या 92 मध्ये इव्हान्स आहेत.

म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं तोफेच्या गोळ्याने नाही गेली. ती वाट बघत गेली. चुकीच्या ठिकाणी शोध झाला, आणि माणसं दोन दिवस, दोन रात्री तेलाने माखलेल्या पाण्यात, शार्क माशांमध्ये राहिली. मदतीच्या बोटी पोचल्या त्या 27 ऑक्टोबरला. जॉन्स्टनच्या त्या भाषणाला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं.

मग प्रश्न येतोच. 'ज्याला यायचं नसेल त्याने उतरावं' असं म्हणणं सोपं आहे. युद्धाच्या काळात, सगळ्यांसमोर, अठरा वर्षांचा पोरगा कसा उतरेल? तो मोकळेपणा खरा होता का? मला वाटतं, पूर्ण नव्हता. पण माणसांना धोक्यात नेणाऱ्या किती वरिष्ठांनी एवढं तरी स्पष्ट सांगितलेलं असतं? नेमकं उलट होतं. गोड बोलून नेतात आणि वेळ आली की स्वतः मागे राहतात. इव्हान्स यांनी आधी सांगितलं आणि मग स्वतः सगळ्यात उघड्या जागी उभे राहिले. त्यांच्या खलाशांनी त्यांना दोष दिला नाही, उलट हेगनपासून अनेकांनी त्यांची गोष्ट जन्मभर सांगितली. माझ्या मताला किंमत नाही, त्यांच्या मताला आहे.

इव्हान्स यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. अमेरिकन नौदलात हा सन्मान मिळालेले ते पहिले मूळ अमेरिकन. 2021 च्या मार्चमध्ये व्हिक्टर व्हेस्कोव्हो यांची पाणबुडी जॉन्स्टनच्या अवशेषांपर्यंत पोचली, 6,456 मीटर खोल. नाकावर 557 हा तिचा क्रमांक अजून स्पष्ट वाचता येत होता. ती युद्धस्मारक मानली जाते, म्हणून तिथलं काहीही वर आणलं नाही. आणि 2023 मध्ये अमेरिकन नौदलाने एका नव्या विनाशिकेला अर्नेस्ट इव्हान्स यांचं नाव द्यायचं जाहीर केलं. तिच्यावरही कधीतरी नवी पोरं डेकवर उभी राहतील, आणि त्यांचा कप्तान काहीतरी बोलेल. तो काय बोलतो ते ऐकायला मला आवडेल.

तुम्हाला काय वाटतं, पाणतीर संपल्यावर इव्हान्स यांनी परत वळायला हवं होतं का? जरूर कळवा. वेगळं मत असेल तर ते आधी कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.